लुइझियानातल्या केजन खेड्यात तीन वर्षं राहायचंय, कुणाला अनुभव आहे का?

वाटेवरची

नमस्कार. गेली दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. नवऱ्याची रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण, जूनमध्ये संपतेय आणि जे-वन व्हिसाच्या वेव्हरसाठी, म्हणजे मायदेशी परत जायच्या अटीतून सूट मिळावी म्हणून, त्याला लुइझियानात नोकरी मिळालीय, इव्हॅंजलिन पॅरिशमध्ये, व्हिल प्लॅटच्या जवळ. गावाची वस्ती सहा हजारांच्या आसपास. माझं माहेर इस्लामपूर, ते याच्या दसपट मोठं आहे. तीन वर्षं तिथे काढायचीच आहेत, त्यात पर्याय नाही.

आत्ता आम्ही एडिसनला राहतो, खाली उतरलं की देशी दुकान, गणपतीला पन्नास घरची बोलावणी, मुलगी पाच वर्षांची आहे तिच्या वर्गात चार मराठी मुलं. तिथे नकाशावर बघितलं तर आजूबाजूला नुसती शेतं दिसतात. ओळखीचे सगळे म्हणतायत अगं कुठे जंगलात चाललीस. लोक केजन आहेत, फ्रेंच वंशाचे, एवढंच वाचलंय, म्हणजे ते आपल्याशी कसे वागतात, बोलणं समजतं का, मुलीची शाळा कशी असेल, आणि वादळांचं काय. सासूबाई सहा महिने येणार आहेत, त्या पूर्ण शाकाहारी, आम्ही मासे-चिकन खातो. खरं सांगायचं तर मला रात्री झोप लागत नाहीये. जे असेल ते स्पष्ट सांगा.

भातखाचर

ताई, आम्ही क्राउलीजवळ सात वर्षं होतो, तुझ्या गावापासून गाडीने तासाभरावर. पहिलं म्हणजे डोक्यातून ते दलदल, मगरी, झाडांना लोंबणारं शेवाळ हे चित्र काढून टाक, ते पूर्वेला अचाफलायाच्या खोऱ्यात. तुझा इव्हॅंजलिन, शेजारचा अकेडिया, हा सगळा प्रेरीचा भाग, सपाट, आणि जिथे बघशील तिथे भात. बांध, पाट, खाचरं, बगळे. मी चिपळूणची, पहिल्या दिवशी गाडीतून उतरले आणि वास आला तो ओल्या भातशेतीचा, रडूच आलं मला. क्राउलीला तर अमेरिकेची भाताची राजधानी म्हणतात, १९३७ पासून तिथे भाताचा उत्सव भरतो, आणि भातावरचं संशोधन केंद्र १९०९ पासून आहे. पॅरिश म्हणजे बाकी अमेरिकेत ज्याला काउंटी म्हणतात तेच, आपला तालुका समज. असे ६४ आहेत. फ्रेंच आणि स्पॅनिश राजवटीत चर्चच्या हद्दी होत्या त्यावरून नाव पडलं ते तसंच राहिलं. शाळा, रस्ते, कर, सगळं पॅरिशवर चालतं त्यामुळे हा शब्द तुला रोज लागेल.

तुम्ही जुलैत पोचलात तर महिनाअखेरीला भात कापायला सुरुवात झालेली असेल. मग बघ काय करतात, कापणी झाली की खोडव्याला परत फूट येते, ऑक्टोबरात त्याच खाचरात पाणी सोडतात, आणि आधी उन्हाळ्यात सोडलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यावाले, मोठ्या कोळंबीसारखे जीव, बिळातून वर येतात. ती भाताची पानं-काडं हेच त्यांचं खाणं. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत शेतकरी चपट्या होडीत बसून खाचरातून फिरतो आणि सापळे उचलतो, एकाच जमिनीत भात आणि मासळी. मला हे बघून इतकं नवल वाटलं होतं, आपल्याकडे भात कापल्यावर शेतात मुलं चिंबोऱ्या धरतात तेच, फक्त इथे त्याचा धंदा केलाय.

लेंट म्हणजे त्यांच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस खात नाहीत, त्यामुळे तेव्हा क्रॉफिशची धमाल. कुणाच्या तरी अंगणात मोठ्या पातेल्यात मका, बटाटे, मसाला घालून उकडतात आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात. माणशी तीन ते पाच पौंड धरतात. बोलावलं तर नक्की जा. सोलायला शिकवतात, आणि आपल्याला खेकडे खायची सवय असल्यामुळे दुसऱ्या वेळेपासून हात चालतो. २०२३ ला उन्हाळ्यात भयंकर दुष्काळ पडला, जमीन भेगाळली, बिळातच मेले सगळे, २०२४ ला भाव इतके चढले की लोक हळहळत होते, आपल्याकडे आंबा गेला की बोलतात तसं.

सासूबाईंचं मात्र नीट लक्ष ठेवावं लागेल. बाहेर बीन्स मागव, पालेभाजी मागव, मक्याची भाजी मागव, डुकराचं मांस किंवा सॉसेज असणारच, आणि विचारलं तर नाही म्हणतील कारण चवीपुरतं घातलेलं त्यांच्या लेखी मांस नसतंच. म्हणून नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नकोस, बेकन आहे का, सॉसेज आहे का, रस्सा कशाचा आहे असं एकेक विचार. घरी काही अडचण नाही. भेंडी, वांगी, भोपळा, वाल, मिरची, काकडी सगळ्यांच्या परसात. उन्हाळ्यात शेजारी भेंडीची पिशवीच दाराशी ठेवून जातात. डाळी-पिठं लाफायेटला थोडंफार मिळतं, मोठी खरेदी ह्यूस्टनला, हिलक्रॉफ्टच्या भागात, साडेतीन-चार तास लागतात. आम्ही दोन महिन्यांतून एकदा जायचो आणि डीप फ्रीझर भरून ठेवायचो. डीप फ्रीझर पहिल्या महिन्यातच घे.

काकवी

मी थोडा दक्षिणेला आहे, व्हर्मिलियन पॅरिश, अकरा वर्षं झाली. मूळ वाळव्याचा म्हणजे तुमच्या इस्लामपूरच्या शेजारचाच. तुम्हाला गंमत सांगतो, इकडे ऊस आहे. पाच लाख एकरांच्या घरात. आणि काही कारखाने चक्क सहकारी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आपल्यासारखा आडसाली अठरा महिन्यांचा ऊस इथे जमत नाही, थंडीत हिम पडून ऊस मरतो, म्हणून साधारण नऊ महिन्यांत काय वाढेल ते, आणि सप्टेंबरअखेरपासून नवीन वर्षापर्यंत सगळी तोड उरकायची. तोडणी कामगार नाहीत, सगळं मशिनवर, पण पाचट जाळतात, रस्त्यावर चिखल, ट्रकमधून कांड्या सांडलेल्या, आणि रात्रभर कारखान्याचा तो गोड आंबूस वास. दिवाळीच्या सुमारास हा वास आला की मला घरी फोन करावासा वाटतोच. ॲबव्हिलला १९१० पासून उसाची काकवी करणारी कंपनी आहे, पिवळ्या डब्यात मिळते, तिथल्या दुकानातही असेल. पोळीबरोबर खाऊन बघा, सासूबाईंना तर नक्की आवडेल.

आता वादळांचं, कारण हे कुणी नीट सांगत नाही. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तुमचा भाग किनाऱ्यापासून आत आहे त्यामुळे समुद्राचं पाणी घुसायची भीती नाही, ती कॅमेरॉन पॅरिशला, १९५७ च्या ऑड्रीत तिथे शेकडो माणसं गेली, म्हातारी माणसं अजून त्या वादळाच्या आधीचं आणि नंतरचं असं बोलतात. पण वारा आणि पाऊस तुमच्यापर्यंत येतो. २०२० ला २७ ऑगस्टला लॉरा आलं आणि सहाच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, जवळपास त्याच जागी डेल्टा. लोकांच्या छपरांवर निळी ताडपत्री होती ती पण उडाली. आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर नाव दिलेलं वादळसुद्धा नव्हतं, नुसता पाऊस, आणि लाफायेट, अकेडिया, व्हर्मिलियन सगळीकडे घरांत पाणी. माझ्या घरात गुडघ्यापर्यंत. सरकारी बोट यायच्या आधी गावातली पोरं स्वतःच्या मासेमारीच्या होड्या घेऊन आली. मला ओळखत नव्हती, आडनाव उच्चारता येत नव्हतं, बायकोला आणि माझ्या आईला उचलून होडीत बसवलं, एकाच्या काकाच्या घरी नेलं, चार दिवस ठेवून घेतलं. नंतर सगळी मिळून भिजलेलं शीटरॉक, म्हणजे भिंतींचे आतले बोर्ड, उचकटायला आली. मी हे कधी विसरणार नाही.

म्हणून कामाचं सांगतो. भाड्याचं घर असलं तरी पुराचा विमा वेगळा घ्या, नेहमीच्या रेंटर्स पॉलिसीत पूर धरत नाहीत, आणि सरकारी पुराचा विमा घेतल्यापासून लागू व्हायला ३० दिवस जातात, वादळ नकाशावर दिसायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. घर बघताना मालकाला २०१६ ला इथे पाणी आलं होतं का असं सरळ विचारा, शेजाऱ्यालाही विचारा. जनरेटर घेतला तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब, गॅरेजमध्ये अजिबात नाही, लॉराच्या वेळी जनरेटरच्या धुराने बरीच माणसं गेली. अंगणात लाल मुंग्यांची वारुळं असतात, मुलगी पाच वर्षांची आहे तर अनवाणी सोडू नका.

रात्रपाळी

मी स्वतः वेव्हरवर आलेली डॉक्टर. तीन वर्षांसाठी आले होते, आता नववं चालू आहे, म्हणून जरा लांब लिहिते, वाचायला वेळ काढ.

आधी नवऱ्यासाठी. जिथे डॉक्टर कमी आहेत तिथे तीन वर्षं पूर्ण वेळ काम, ही अट आहे, आणि एका राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात, त्यामुळे इथल्या पेशंटनी आमच्यासारखे बरेच आलेले आणि गेलेले बघितलेत. कोण दिवस मोजतोय आणि कोण मनापासून आलाय हे त्यांना पहिल्या महिन्यात कळतं. त्याला सांग, नावं नीट उच्चारायला शिक. शेवटी ई ए यू एक्स असलं की नुसतं ओ, टिबडो, बूड्रो, आणि हेबर्ट असं लिहिलेलं दिसलं की एबेर. व्हिल प्लॅटला तुला फॉन्टेनो इतके भेटतील की पहिलं नाव लक्षात ठेवावंच लागेल. आणि इथे मान देऊन बोलतात तो पहिल्या नावाला मिस किंवा मिस्टर लावून, तू मिस अमुक होशील, आपल्या ताईसारखंच ते. मला पहिल्यांदा नुसतं शेर म्हणाले तेव्हा दचकले होते, ते फ्रेंचमधलं, म्हणजे बाळ, अगं, सोन्या, सगळं एकातच.

पेशंट तुझ्या नवऱ्याला सांगतील की आधी ट्रेटरकडे जाऊन आलो. ट्रेटर म्हणजे प्रार्थना म्हणून बरं करणारे, चामखीळ, नागीण, उन्हाचा त्रास यासाठी जातात. पैसे घेत नाहीत, त्यांना थँक्यू म्हणायचं नसतं, आणि ती प्रार्थना ते कुणातरी लहानाला देऊन जातात. माझी आजी कावीळ उतरवायची, तीसुद्धा असंच म्हणायची, आभार मानलेस तर गुण जातो. मी कधी कुणाला हसले नाही, फक्त गोळी पण घ्या म्हणते, आणि घेतात.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हे लोक कोण आहेत. यांचे पूर्वज आत्ताच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागात होते, त्याला अकेडी म्हणायचे, १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरं जाळून, जहाजांत कोंबून हाकललं, दहा हजारांहून जास्त माणसं, कुटुंबं फुटली, हजारो मेली. भटकत भटकत त्यातले काही १७६५ च्या सुमारास इथे पोचले. अकेडियन, मग काडियँ, मग केजन. इंग्लंडच्या राणीच्या नावाने या हाकलण्याची जाहीर कबुली निघाली ती थेट २००३ ला. पण हे जुनं झालं. ताजं दुखणं वेगळंच आहे. १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवलं. घरी फ्रेंचशिवाय दुसरं काही न ऐकलेली सहा वर्षांची पोरं शाळेत जायची आणि फ्रेंच बोलली की मार, गुडघे टेकून बसवायचे, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही असं शंभर वेळा लिहायला लावायचे.

माझ्या शेजारच्या बाई आता पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांना शाळेत पहिल्या दिवशी बाथरूमला जायचं होतं आणि इंग्रजीत विचारता येईना, फ्रेंचमध्ये विचारायची भीती, कपड्यात झालं, आणि त्यासाठी पण मार बसला. त्यांनी ठरवलं माझ्या मुलांवर ही पाळी येऊ द्यायची नाही. पाच मुलं, एकालाही फ्रेंच शिकवलं नाही. नवरा-बायको भांडताना आणि नाताळच्या भेटी ठरवतानाच फ्रेंच बोलायचे, म्हणजे मुलांना कळू नये म्हणून. १९६८ ला राज्याने फ्रेंच टिकवण्यासाठी कोडोफिल ही संस्था काढली, बेल्जियम, फ्रान्स, कॅनडा, आफ्रिकेतून शिक्षक आणले, पण मधली एक अख्खी पिढी गेलेली. आता त्यांच्या नातवाचा मुलगा इमर्शन शाळेत, म्हणजे जिथे बरेचसे विषयच फ्रेंचमधून शिकवतात तिथे, फ्रेंच शिकतो, गाडीला व्वात्यूर म्हणतो, या म्हणतात शार. कोळंबीला तो क्रव्हेत म्हणतो, या शव्रेत. तरी दोघं बसून बोलतात आणि त्या नंतर तासभर गप्प असतात.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची, उशिरा बोलत होती, म्हणून शाळेकडून सांगण्यात आलं की घरी एकच भाषा ठेवा, आणि आम्ही इंग्रजी सुरू केलं होतं. एक दिवस अंगणात ती पडली आणि माझ्या तोंडून मराठीच आलं, कुठे लागलं गं बाळा, वगैरे. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. हे काय बोललीस विचारलं. मी सांगितलं आमची भाषा, पण आता तिच्याशी बोलत नाही. त्या आत गेल्या. संध्याकाळी दार वाजलं, हातात पाय म्हणतात ती गोड पेस्ट्री, आणि त्यांनी मला वर सांगितलेली ती सगळी गोष्ट दारात उभं राहून सांगितली, आणि म्हणाल्या तू हे थांबवू नकोस, मी थांबवलं होतं. माझी मुलगी आज अकरा वर्षांची आहे आणि आजीशी फोनवर भांडते ते मराठीतून.

वाटेवरची

रात्रपाळी ताई, वाचून हात थांबले माझे. आमच्याकडे पण हाच वाद चालू आहे, हा म्हणतो तिकडे मराठी मुलं नसणार तर इंग्रजी पक्कं होऊ दे.

सगळ्यांचे खूप आभार. काकवी दादा, वाळवा म्हणजे अगदी घरचेच निघालात. पुराचं वाचून लगेच घरमालकाला मेल टाकला, उत्तर आलंय की २०१६ ला त्या रस्त्यावर पाणी आलं नव्हतं, तरी विमा घेतेच. दोन गोष्टी अजून विचारते, ती फ्रेंच इमर्शन शाळा आमच्या भागात आहे का, आणि सणवार कसे करता, मुलीला गणपती-होळी काय दिसणार तिथे?

खाडीकाठ

मालवणचा आहे, सध्या युनिसला, तुमच्यापासून अर्धा तास. होळीचं मी सांगतो.

इथे मार्डी ग्रा असतो, म्हणजे लेंट सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा सण, आणि न्यू ऑर्लिन्सची मण्यांच्या माळा फेकायची मिरवणूक वेगळी. आमच्या प्रेरीवर असतो कूरीर. मामू, युनिस, चर्च पॉइंट, गावागावाचा आपला. सकाळी धुकं असतं, घोड्यांवर, ट्रेलरवर माणसं निघतात, चिंध्यांचे रंगीत झगे, तारेच्या जाळीचे मुखवटे आणि डोक्यावर उंच टोकदार टोपी, कापुशाँ म्हणतात. पुढे कॅपिटन, त्याच्याकडे पांढरं निशाण, तो घराशी जाऊन परवानगी विचारतो, मग सगळी सोंगं अंगणात घुसतात, नाचतात, गातात, हात पसरून पाच पैसे द्या पाच पैसे द्या करतात. घरवाला जिवंत कोंबडी सोडतो, ती धरायला सगळे चिखलात. कुणी तांदूळ देतं, कुणी कांदे, सॉसेज, आणि संध्याकाळी गावजेवणाचा गंबो, म्हणजे भातावर घ्यायचा दाट रस्सा. दुसऱ्या दिवशी कपाळाला राख लावून चर्चमध्ये.

आता मला सांगा, हा शिमगा नाही तर काय? आमच्याकडे सोंगं घेऊन दारोदार शबय मागतात, संकासुराच्या डोक्यावर तीच उंच टोपी. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि ती टोपीवाली रांग बघून अंगावर काटा आला. नंतर मी आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, ती म्हणाली अरे हे आपलेच खेळे ना. दिवस पण जवळपास तेच, फेब्रुवारी-मार्च. मुलीला दाखवाच. मुलांचा वेगळा कूरीर पण काही गावांत असतो. फक्त मोठ्यांच्या कूरीरमध्ये दारू भरपूर असते, मुलीला घेऊन कडेने बघा.

मासे खाता म्हणता तर सोडे आणू नका, इथे वाळवलेली कोळंबी दुकानात पाकिटात मिळते, गंबोत घालतात. मी तिचा सोड्याचा भात करतो, शेजारी ताटली घेऊन येतो.

भाषेबद्दल रात्रपाळी ताईंनी लिहिलं त्यात माझी भर, मला शाळेत मालवणीत उत्तर दिलं की बाई सगळ्यांसमोर उभं करायच्या, गावठी बोलू नको म्हणून. मार नव्हता पण मान खाली गेली ती गेलीच, पुण्यात कॉलेजला दोन वर्षं मी तोंड उघडत नव्हतो. इथल्या म्हाताऱ्यांना पण अजून वाटतं की आमचं फ्रेंच खरं फ्रेंच नाही, मोडकं आहे. पॅरिसहून आलेला पाहुणा आला की गप्प बसतात. मी त्यांना सांगतो, दुसऱ्या महायुद्धात हेच बोलणारी पोरं फ्रान्समध्ये दुभाषे म्हणून कामाला आली, मग मोडकं कसं?

चरणकरंज

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण एक राहून गेलं. ताई, तिथे सगळेच केजन नाहीत. व्हिल प्लॅट गावात निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची आहे, त्यातल्या बऱ्याच घरांत फ्रेंच किंवा क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून झालेली त्यांची बोली, तेवढंच जुनं. अगदी फॉन्टेनो, गिलरी ही आडनावंसुद्धा अकेडीहून आलेली नाहीत, ती त्याआधीपासूनच्या फ्रेंच वसाहतीतली. सरसकट केजन केजन म्हटलं की क्रिओल माणसाला, म्हणजे या घरांतल्या लोकांना, लागतं, पर्यटनाच्या पाट्यांवर त्यांचं नाव कित्येक वर्षं नव्हतंच. शेजारच्या ऑपलूससचा भाग म्हणजे झायडेको या त्यांच्या संगीताचं घर, त्यातला नावाजलेला वादक क्लिफ्टन शेनिये तिथलाच, जन्म १९२५. केजन वाद्यवृंदात फिडल, ॲकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण, तो पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याच्या दातांपासून करायचे. झायडेकोत छातीवर पत्र्याचं फ्रॉत्वार अडकवून चमच्यांनी वाजवतात. दोन्ही ऐका, दोघांच्या घरी जा. चर्च, शाळा, दफनभूमी यांत काळं-गोरं ही रेघ अजून दिसते तिथे, आणि नवीन आलेल्या माणसाला नकळत एका बाजूला ओढलं जातं. आम्ही पहिली दोन वर्षं एकाच बाजूला राहिलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि कूनॅस हा शब्द कानावर येईल, केजनांना हिणवायचा शब्द, केजन लोक आपसात म्हणतात. आपण बाहेरच्यांनी म्हणायचा नाही.

रात्रपाळी

चरणकरंज, अगदी खरं, मी लिहायला हवं होतं हे. माझे निम्मे पेशंट क्रिओल आहेत आणि फ्रेंच बोलणारे शेवटचे म्हातारे त्यांच्यातही तेवढेच आहेत.

शाळेचं, लाफायेट, सेंट लँड्री आणि सेंट मार्टिन पॅरिशमध्ये इमर्शन आहे हे मला माहिती आहे. तुमच्या पॅरिशच्या स्कूल बोर्डाला आत्ताच फोन कर, प्रवेश लवकर भरतात. आणि सेंट लँड्री म्हणजे लगेच शेजारी, घर कुठल्या बाजूला घेताय त्यावर पण बघ. मुलीला तिसरी भाषा जड जाईल ही भीती ठेवू नकोस, माझी तीन बोलते. व्हिल प्लॅटच्या के व्ही पी आय रेडिओवर फ्रेंचमधून गप्पांचा कार्यक्रम लागतो, आमच्या शेजारच्या बाई तोच लावून स्वयंपाक करतात. सासूबाईंना सांग, कळलं नाही तरी लावून ठेवा, सूर ओळखीचा वाटतो, कोण आजारी, कोणाचं लग्न, कुणाकडे भेंडी जास्त झाली.

गणपती आम्ही पाच-सहा घरं मिळून लाफायेटला करतो, मराठी दोनच, बाकी तेलुगू, गुजराती. मोठा कार्यक्रम हवा असेल तर ह्यूस्टनचं मंडळ. मागच्या वर्षी शेजारच्या बाई आरतीला आल्या होत्या, उकडीचा मोदक हातात घेऊन विचारत होत्या ही तांदळाची पारी फाटत कशी नाही. दोन करून पाहिले त्यांनी, दुसरा जमला.

वाटेवरची

बाकी सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कूरीरच्या कोंबडीवर हसला आणि बाईंच्या गोष्टीला गप्प झाला. काल रात्री त्याने मुलीला झोपवताना चिऊ-काऊची गोष्ट सांगितली, मराठीत, मी बाहेरून ऐकत होते.

आम्ही १० जुलैच्या आसपास निघतोय, गाडीनेच. शेवटचं विचारते, भांडीकुंडी काय आणू? लोखंडी कढई, बिडाचा तवा, मोदकपात्र एवढं आहे, जागा थोडीच उरलीय.

भातखाचर

कढई आणच. गंबोचा रू तिच्यात उत्तम होतो. पीठ आणि तेल मंद आचेवर ढवळत राहायचं, चॉकलेटी रंग येईपर्यंत, अर्धा-पाऊण तास, मध्ये फोन घ्यायचा नाही आणि दार वाजलं तरी जायचं नाही, एकदा करपला की सगळं टाकून द्यावं लागतं. आपण वाटपाचा कांदा-खोबरं भाजताना जसं उभं राहतो तसंच. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. सासूबाईंसाठी वेगळ्या पातेल्यात भेंडी आणि वालाचा कर, तिखट आपल्या हाताने घाल, मी तसाच करायचे आणि फिले म्हणजे ती सॅसफ्रासच्या पानांची पूड असते ती वरून, गॅस बंद केल्यावर.

मोठी पातेली तिथे घे. जुन्या सामानाच्या विक्रीत मॅग्नलाइटचं जाड ॲल्युमिनियमचं भांडं दिसलं तर सोडू नकोस, तिथल्या बायका ती लेकी-सुनांना देऊन जातात. मला आमच्या घरमालकीणबाईंनी जाताना दिलं होतं, आत्ता त्यात आमटी उकळतेय.

खाडीकाठ

१० जुलै म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा मी इथेच आहे. पोचलात की इथेच लिहा. सामान उतरवायला मी आणि माझा शेजारी ट्रक घेऊन येतो, त्याला विचारलंय, हो म्हणालाय.